‘एक’ कोणी ठरवलं? : यंत्राच्या मोजणीची समीक्षा



पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर रोजच होते. आज मला अशा दोन गोष्टींची समीक्षा करायची आहे, ज्यांना आपण सहसा कुणाची ‘कृती’ समजतच नाही. पहिली म्हणजे इमेजनेट नावाचा छायाचित्रांचा एक प्रचंड संग्रह. आज संगणक चित्रातल्या वस्तू ओळखतो असं आपण म्हणतो, त्या विद्येला खरी गती या संग्रहामुळे आली. दुसरी गोष्ट आपल्या देशातली, २०१८-१९ची व्याघ्रगणना. तिथे संगणकानं जंगलातल्या कोट्यवधी फोटोंमधून वाघ शोधले आणि त्यातून देशातल्या वाघांचा आकडा निघाला.

यांची समीक्षा कशासाठी? तर हे दोन्ही माणसांनी रचलेलं काम आहे. त्यात निवड आहे, गाळणं आहे, एक विशिष्ट दृष्टी आहे. कादंबरीकाराला आपण विचारतो ना, की बाबा रे, तुझ्या गावात स्त्रिया का नाहीत? तसाच प्रश्न छायाचित्रांच्या संग्रहालाही विचारता येतो. फरक एवढाच, की कादंबरी चुकली तर वाचक पुस्तक मिटून ठेवतो. यंत्राची मोजणी चुकली तर ती कुणाच्या तरी अंगावर येते. ते कसं, हे शेवटाकडे सांगतो.

तीन क्रियापदं

आधी थोडी भाषेची मशागत करू. यंत्र चित्रातल्या वस्तू ‘ओळखतं, वर्गात बसवतं आणि मोजतं’ असं आपण एका दमात म्हणून टाकतो. पण ही तीन वेगळी कामं आहेत, आणि त्यातलं पहिलं तर स्वतःच दोन कामं आहेत.

मराठीत ‘ओळखणं’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. ‘हा कुठला पक्षी, ओळखा पाहू’ म्हटलं की उत्तर येतं, ‘कोतवाल’. इथे जात ओळखली. आणि ‘मला ओळखलंत का?’ असं कुणी विचारलं, तर ‘हो, तुम्ही माणूस आहात’ हे उत्तर चालत नाही! तिथे व्यक्ती ओळखायची असते. नैयायिकांनी हा फरक फार काटेकोर केला आहे. समोरच्याला पाहून ‘हा माणूस आहे’ असं कळणं हे एक ज्ञान, आणि ‘हाच तो देवदत्त’ असं कळणं हे दुसरं. दुसऱ्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. त्यात आत्ताचं दिसणं आणि पूर्वीची आठवण अशा दोन्ही गोष्टी लागतात.

आता मोजणं. असं बघा, केळीचा एक लोंगर झाडावरून उतरवून तुमच्यासमोर ठेवला आणि मी विचारलं, ‘किती?’ तर तुम्ही काय सांगाल? लोंगर एक. फण्या आठ. केळी सव्वाशे. वस्तू तीच, उत्तरं तीन. जोवर ‘काय मोजायचं’ ते मी सांगत नाही, तोवर ‘किती’ला उत्तरच नाही. जर्मन तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेग यानं १८८४ साली अंकगणिताच्या पायाबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं, त्याचा एक मोठा निष्कर्ष हाच आहे. संख्या ही वस्तूबद्दल काही सांगत नाही, ती संकल्पनेबद्दल सांगते. ‘आठ’ हा लोंगराचा गुण नाही. ‘या लोंगराची फणी’ या संकल्पनेखाली आठ गोष्टी येतात, एवढंच.

गंमत अशी, की आपल्याकडे वैशेषिकांनी याच प्रश्नाला वेगळ्या बाजूनं हात घातला होता. ते संख्येला द्रव्याचा गुण मानतात, म्हणजे फ्रेगच्या उलट. पण पुढे ते एक विलक्षण गोष्ट सांगतात. ‘एकत्व’ वस्तूत असतं. ‘द्वित्व’ आणि त्यापुढच्या संख्या मात्र अपेक्षाबुद्धीमुळे उत्पन्न होतात. ‘हे एक, आणि हे एक’ असं पाहणारी, दोघांना एकत्र धरणारी बुद्धी आली की ‘दोन’ जन्माला येतात. ती बुद्धी सरली की तेही गेले. म्हणजे मोजणीत मोजणारा हवाच, हे त्यांनाही मान्य होतं. फ्रेग एक पाऊल पुढे जाऊन म्हणेल, की बाबांनो, ‘एक’साठीसुद्धा संकल्पना लागते.

हा वाद आज मिटवायचा नाही. मला त्यातून एकच प्रश्न हाती घ्यायचा आहे, आणि तो घेऊन दोन्ही कृतींकडे जायचं आहे. यंत्र जेव्हा मोजतं, तेव्हा ती अपेक्षाबुद्धी कुणाची असते? ‘हे एक’ असं कोणी ठरवलेलं असतं?

हजार खणांचं कपाट

संगणकाला फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक बारीक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. त्यात मांजर कुठेच लिहिलेलं नसतं. पूर्वी संशोधक मांजराचे नियम हातानं लिहायचा प्रयत्न करत: कान असे, मिश्या तशा. ते फारसं साधलं नाही. मग मार्ग बदलला. नियम सांगू नका, उदाहरणं दाखवा. हजारो फोटो, प्रत्येकावर माणसानं लावलेली चिठ्ठी: मांजर, ट्रक, छत्री. यंत्र आपल्या आतले आकडे थोडेथोडे हलवत राहतं, आणि अखेर न पाहिलेल्या फोटोवरही बहुतेक वेळा योग्य चिठ्ठी लावू लागतं.

त्यासाठी चिठ्ठ्या लावलेले पुष्कळ फोटो हवेत. ते काम फेई-फेई ली यांच्या चमूनं अंगावर घेतलं. २००९ साली प्रिन्स्टनमधून इमेजनेट जाहीर झालं आणि पुढे ते १ कोटी ४० लाखांवर छायाचित्रं आणि सुमारे २२ हजार वर्ग इतकं वाढलं. वर्ग कुठून आणले? वर्डनेट नावाच्या इंग्रजी शब्दकोशातून. हा कोश मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकारानं १९८५पासून प्रिन्स्टनमध्येच तयार होत होता. चिठ्ठ्या कोणी लावल्या? ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या व्यासपीठावर, एकेका फोटोमागे किरकोळ मोबदला घेणाऱ्या माणसांनी. १६७ देशांतली सुमारे ४९ हजार माणसं.

या नावावर क्षणभर थांबा. मूळ ‘मेकॅनिकल टर्क’ हे अठराव्या शतकातलं बुद्धिबळ खेळणारं यंत्र. युरोपभर लोक ते पाहून थक्क व्हायचे. आत एक माणूस लपलेला असायचा! आपल्या व्यासपीठाला हे नाव देणाऱ्यांनी निदान प्रामाणिकपणा तरी दाखवला, असं म्हणायला हवं.

मग २०१२ साली या संग्रहातल्या एक हजार वर्गांवर जी स्पर्धा झाली, तिथे टोरंटोच्या क्रिझेव्हस्की, सुट्स्केव्हर आणि हिंटन यांच्या न्यूरल नेटवर्कनं चुकांचं प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणलं. दुसऱ्या क्रमांकावर होते २६.२ टक्के. २०१५मध्ये विजेत्याच्या चुका ३.५७ टक्क्यांवर आल्या. आणि मग ते वाक्य जगभर गेलं: यंत्रानं माणसाला मागे टाकलं. कारण माणसाच्या चुका होत्या ५.१ टक्के.

इथे समीक्षकानं पेन्सिल उचलायची. हा ‘माणूस’ कोण? तर मुख्यतः एकच संशोधक. त्यानं आधी सराव केला आणि मग १,५०० फोटोंवर उत्तरं दिली. दुसऱ्या एकानं कमी फोटोंवर तेच करून पाहिलं, तर त्याच्या चुका सुमारे १२ टक्के निघाल्या. बरं, परीक्षा कसली? हजार वर्गांत सुमारे १२० तर कुत्र्यांच्या जाती. कुत्र्याचा फोटो दाखवून ‘हा नॉर्विच टेरियर की नॉरफोक टेरियर’ हे तुमच्या-माझ्यासारख्याला विचारलं, तर आपण निकालात नापासच! म्हणजे माणसाला यंत्राच्या वर्गात बसवलं, यंत्राच्या भाषेत परीक्षा घेतली आणि मग यंत्र पहिलं आलं. त्या संशोधकांचं काम मोठं आहे, त्यात शंका नाही. पण ‘पाहण्यात’ माणूस हरला, हा त्याचा निष्कर्ष नव्हे. एका विशिष्ट कपाटातल्या हजार खणांत चित्रं टाकण्यात हरला, एवढंच त्यातून कळतं.

आता त्या हजार खणांत माणसं किती? अगदी तीन प्रकारची. एक बेसबॉल खेळाडू, एक पाण्याखाली बुडी मारणारा, आणि तिसरा कोण? नवरदेव! नवरी नाही. मी विनोद करत नाही, यादी तशीच आहे. लग्न आहे, नवरदेव आहे, नवरीला खण नाही.

आणि कपाटात फोटो कुठले? २०१८ साली ‘नेचर’मध्ये जेम्स झू आणि लोंडा शिबिंगर यांनी हिशोब मांडला. इमेजनेटमधले ४५ टक्क्यांहून अधिक फोटो अमेरिकेतले, जिथे जगातले ४ टक्के लोक राहतात. भारत आणि चीन मिळून जवळपास ३ टक्के, जिथे जगातले ३६ टक्के लोक राहतात. याचा परिणामही त्यांनी दाखवला. पांढऱ्या पोशाखातल्या अमेरिकी नवरीचा फोटो दिला, तर अशा सामग्रीवर शिकलेली यंत्रं सांगतात: वधू, स्त्री, लग्न. उत्तर भारतातल्या नवरीचा दिला, तर म्हणतात: वेशभूषा, रंगमंचीय कला. आपल्याकडची मुंडावळ्या बांधलेली, हिरव्या चुड्याची नवरी दाखवली तर काय उत्तर येईल, याची कल्पना तुम्हीच करा.

याला ‘यंत्राची चूक’ म्हणून सोडून देता येतं. पण मी थोडं खोल जायला सांगेन. बौद्ध आचार्य दिङ्नागांचा अपोहवाद तुम्हांपैकी काहींनी वाचला असेल. ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय? तर ‘जे गाय नाही ते वगळणं’. बाहेर कुठे ‘गोत्व’ नावाचं सामान्य उभं नाही. आपण वगळून वगळून वर्ग तयार करतो. हे यंत्र जवळजवळ तसंच वागतं. त्याच्यासमोर हजार नावं असतात, प्रत्येकाला ते थोडी शक्यता वाटून देतं, आणि साऱ्यांची बेरीज १०० टक्के झालीच पाहिजे असा नियम. ‘यातलं काहीच नाही’ असा खण त्या हजारांत नव्हताच. म्हणून नवरीला पाहून ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची त्या यंत्राला सोयच नाही. ते तिला कुठल्यातरी खणात ढकलणारच. दिङ्नागांचा पाहणारा निदान अज्ञान कबूल करू शकतो. या रचनेत अज्ञानाला जागाच ठेवलेली नाही, हा माझा या कृतीवरचा मुख्य आक्षेप.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोठ्या संग्रहात माणसांचे २,८३२ वर्ग होते. त्यात शिव्या होत्या, वंशावरून केलेली हेटाळणी होती, चारित्र्यावरचे शेरे होते. फोटो पाहून एखादा ‘कर्जबुडव्या’ आहे हे कसं कळणार? पण कोशात शब्द होता म्हणून वर्ग झाला, वर्ग झाला म्हणून कुणाचा तरी खरा चेहरा त्यात गेला. २०१९मध्ये केट क्रॉफर्ड आणि ट्रेव्हर पॅग्लेन यांनी ‘इमेजनेट रूलेट’ नावाचा प्रयोग खुला केला. लोकांनी आपले फोटो टाकले आणि आपल्याला कुठली चिठ्ठी लागते ते पाहून हादरले. इमेजनेटच्या चमूनंही स्वतः तपासणी केली होती. त्यांनी १,५९३ वर्ग आक्षेपार्ह ठरवून, त्यांतले सुमारे सहा लाख फोटो काढण्याचा निर्णय जाहीर केला. काढले ते चांगलंच केलं. पण लक्षात घ्या, दहा वर्षं त्या चिठ्ठ्या तिथेच होत्या, आणि कुणाला त्या ‘कुणीतरी लिहिलेल्या’ वाटल्या नाहीत. नुसता ‘डेटा’ वाटल्या. शब्दाची ही जादू आहे. डेटा म्हणजे मूळ लॅटिनमध्ये ‘दिलेलं’. दिलेलं म्हटलं, की देणारा कोण हे विचारायचं आपण विसरतो.

वाघ मोजायचे कसे?

आता दुसरी कृती. इथे जात ओळखणं, व्यक्ती ओळखणं आणि मोजणं, तिन्ही एकत्र येतात, म्हणून ती मला फार शिकवणारी वाटते.

आपल्याकडे १९६०च्या दशकापासून वाघ मोजले जायचे ते पावलांच्या ठशांवरून. वनरक्षक ठशावर काच धरून आकार उतरवून घ्यायचे, साचे काढायचे, आणि अनुभवी डोळा सांगायचा की हा अमुक वाघ. समजूत अशी, की प्रत्येक वाघाचा ठसा वेगळा ओळखता येतो. पण माती ओली की कोरडी, वाघ चालत होता की पळत होता, यानं ठसा बदलतो. २००५ साली राजस्थानातल्या सारिस्कात एकही वाघ उरला नाही हे उघड झालं, आणि त्याच्या आदल्याच वर्षीपर्यंत तिथल्या सरकारी गणतीत डझनाहून अधिक वाघ कागदावर जिवंत होते. इथे यंत्र नव्हतं बरं का. माणसाचीच नजर होती आणि माणसाचाच कागद.

पद्धत बदलली. के. उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकात कर्नाटकात नागरहोळेला कॅमेरा ट्रॅप वापरून नवी रीत रुजवली होती. वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. शिवाय डाव्या कुशीचे वेगळे आणि उजव्या कुशीचे वेगळे. म्हणून पायवाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात.

पण सगळे वाघ काही कॅमेऱ्यासमोर येत नाहीत. न दिसलेले कसे मोजायचे? त्याचं गणित साध्या उदाहरणानं सांगतो. तळ्यात मासे किती हे काढायचंय. ५० मासे पकडा, खूण करा, सोडा. काही दिवसांनी पुन्हा ४० पकडा. त्यात खुणेचे १० निघाले. म्हणजे खुणेचे मासे एकूणाच्या पाव भाग. मग तळ्यात सुमारे २०० मासे. वाघाला खूण करावी लागत नाही, ती तो जन्मतःच घेऊन येतो. प्रत्यक्षातलं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे, पण गाभा हा.

आता यात ओळखीची चूक घाला. दुसऱ्या खेपेला खुणेचे मासे १०च आले होते, पण दोघांची खूण आपल्याला दिसली नाही. आपण ८ धरले. हिशोब होतो ५० गुणिले ४० भागिले ८, म्हणजे २५०. दोन मासे ओळखायला चुकलो आणि कागदावर पन्नास मासे जास्त जन्मले! म्हणून म्हणतो, मोजणी ही शेवटची पायरी दिसते, पण ती उभी असते प्रत्यभिज्ञेवर. ‘हाच तो’ हे चुकलं, की ‘किती’ हे कित्येक पटींनी चुकतं.

२०१८-१९च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. फोटो निघाले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. माणसांनी एकेक पाहायचं म्हटलं तर जन्म जाईल. इथे संगणक खरोखर कामाला आला. एका सॉफ्टवेअरनं प्राण्यांच्या जातींनुसार फोटो वेगळे केले. त्यात वाघांचे निघाले ७६,६५१. दुसऱ्या सॉफ्टवेअरनं वाघाच्या शरीराचा त्रिमितीय आराखडा फोटोवर बसवून पट्टे ताणून सरळ केले, आणि एकमेकांशी ताडून पाहिले. यंत्र ‘हे दोन जुळतात असं वाटतं’ म्हणून जोड्या पुढे करतं. ‘हाच तो’ हा निर्णय प्रशिक्षित माणूस करतो. त्यातून वेगवेगळे वाघ निघाले २,४६१. आणि न दिसलेल्यांचा अंदाज धरून देशाचा आकडा आला २,९६७.

ही साखळी पुन्हा पाहा. साडेतीन कोटी फोटो, शहात्तर हजार वाघांचे फोटो, अडीच हजारांच्या आत ओळखलेले वाघ, तीन हजारांच्या आसपास अंदाज. प्रत्येक ठिकाणी एक निर्णय आहे. किती साम्य म्हणजे तोच वाघ? फोटो अर्धवट असेल तर? आणि एक निर्णय तर फारच बोलका आहे. या गणनेत एक वर्षाहून लहान बछडे धरलेले नाहीत. कारण योग्य आहे; बछडे मोठ्या प्रमाणात दगावतात, त्यांना धरलं तर आकडा फुगतो. पण म्हणजे ‘एक वाघ’ याचा अर्थ इथे ‘एक वर्षावरचा वाघ’ असा आहे. फणी की केळं, हे आधी ठरलं.

ही कृती मला इमेजनेटपेक्षा सरस वाटते. तिच्या अहवालात २,९६७च्या सोबत पट्टाही दिलेला आहे: २,६०३ ते ३,३४६. ‘आम्हाला एवढं नक्की माहीत नाही’ हे आकड्यातच लिहिलं आहे. यंत्राला सुचवण्याचं काम आणि माणसाला ठरवण्याचं, अशी विभागणी स्पष्ट आहे. आणि पद्धत उघड असल्यामुळे तिच्यावर टीकाही करता येते. अर्जुन गोपालस्वामी, कारंथ आणि सहकाऱ्यांनी २०१५पासून ती केलेली आहे. त्यांचा रोख कॅमेऱ्यांवर नव्हता. जिथे कॅमेरे नाहीत तिथला आकडा खुणांवरून काढायच्या गणितावर होता. शास्त्र असंच चालायला हवं.

पण मग आकडा अहवालातून बाहेर पडतो. २९ जुलै २०१९ला घोषणा झाली आणि मथळ्यांत आलं: देशात २,९६७ वाघ. पट्टा गळाला. ‘अंदाज’ गळाला, ‘एक वर्षावरचे’ गळालं. आणि सर्वाधिक कौतुक कशाचं झालं? गिनेस बुकात नोंद झाली याचं. कॅमेरा ट्रॅपची जगातली सर्वात मोठी पाहणी म्हणून. मी विचारतो, फोटो जास्त काढले म्हणजे वाघ अधिक खरे मोजले का? पूर्वी २००१-०२मध्ये ठशांवरून ३,६४२ वाघ सांगितले होते, आणि नव्या पद्धतीच्या पहिल्या गणनेत, २००६मध्ये, १,४११. पाच वर्षांत सव्वादोन हजार वाघ मेले का? काही नक्कीच मेले. पण मुळात मोजणारी बुद्धी बदलली होती, आणि दोन वेगळ्या बुद्धींनी दिलेल्या संख्यांची वजाबाकी होत नाही. आज महाराष्ट्रात ३१२वरून ४४४ वाघ झाले, असं आपण २०१८ आणि २०२२च्या गणनांवरून अभिमानानं म्हणतो. म्हणावंच. पण सोबत विचारावं, की दोन्ही वेळा कॅमेरे कुठे कुठे होते?

कॅमेऱ्यात आलेली माणसं

आणि आता ते, जे मी सुरुवातीला शेवटासाठी ठेवलं होतं. वाघांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यासमोरून माणसंही जातात. सरपण आणणाऱ्या बायका जातात, गुराखी जातात. कॉर्बेटच्या जंगलाभोवतालच्या गावांमध्ये केलेला एक अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांमुळे तिथल्या बायकांचं वागणं बदललं. एकत्र जाताना मोठ्यानं गाणी म्हणणं कमी झालं, हे त्यात नोंदवलं आहे. एका बाईचा उघड्यावर बसलेल्या अवस्थेतला फोटो स्थानिक पुरुषांच्या मोबाइलवर फिरला. आणि गाणं, बोलणं हे नुसतं मनोरंजन नव्हे. आवाजामुळे जनावर अंगावर येत नाही. वाघ मोजणाऱ्या कपाटात या बाईसाठी खण नव्हता. पण फोटो काढला गेलाच.

हेच तंत्र थेट माणसांवर लावलं की काय होतं? २०१८मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर ०.८ टक्के. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हे ‘जात ओळखणं’ झालं. ‘हाच तो’ म्हणण्याचं उदाहरण डेट्रॉइटचं. जानेवारी २०२०मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला त्याच्या घरासमोर, मुलींच्या देखत, पोलिसांनी पकडलं. दुकानातल्या चोरीच्या अंधुक चित्रफितीशी यंत्रानं त्याचा जुना परवान्याचा फोटो जुळवला होता. सुमारे तीस तास तो कोठडीत होता. तो ‘तोच’ नव्हता.

आपल्याकडे? दिल्ली पोलिसांनी २०२२मध्ये माहिती अधिकारात दिलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. चेहऱ्यांचं साम्य ८० टक्क्यांहून अधिक भरलं, तर ती ओळख ‘सकारात्मक’ धरली जाते. मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून एकच विचारायचंय: ८०च का? ७० का नाही, ९५ का नाही? हा आकडा निसर्गानं दिलेला नाही. कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून तो ठरवलेला आहे. आणि साम्य ८० टक्के म्हणजे ‘तोच असण्याची शक्यता ८० टक्के’ असं अजिबात नव्हे, हेही समजून घ्या. समजा एका मोर्चात एक लाख माणसं आहेत आणि त्यात पोलिसांना हवे असलेले दहा. यंत्र शंभरात एकदाच चुकतं, इतकं चांगलं आहे असं धरू. तरी ते सुमारे हजार निरपराध लोकांकडे बोट दाखवेल. हजार आणि दहा. त्या हजारांत तुम्ही किंवा मी असू शकतो.

वाघांच्या बाबतीत चूक झाली तर आकडा दुरुस्त होतो. शिवाय वाघाला स्वतःला त्याची कल्पनाही नसते. माणसाच्या बाबतीत ‘हाच तो’ म्हणणं म्हणजे आरोप. म्हणून जितकी काटेकोर विभागणी आपण वाघांसाठी ठेवली, यंत्रानं सुचवायचं, माणसानं तपासायचं, अनिश्चिततेचा पट्टा छापायचा, पद्धत उघड ठेवायची, त्याहून कितीतरी अधिक काटेकोरपणा माणसांसाठी हवा. आज स्थिती उलटी आहे. वाघाचा अहवाल कुणालाही वाचता येतो. चेहरे जुळवणाऱ्या प्रणालीची साधी माहिती काढायला अर्ज करावे लागतात.

मला कुणीतरी नक्की विचारेल, की मग काय सर, यंत्रं वापरूच नयेत? असं मी मुळीच म्हणत नाही. सारिस्काची आठवण करा; तिथे माणसानंच माणसाला फसवलं. साडेतीन कोटी फोटो चाळणं हे यंत्राचंच काम आहे, आणि ते त्यानं छान केलं. माझं म्हणणं एवढंच, की वैशेषिकांची अपेक्षाबुद्धी यंत्रात गेली असं समजू नका. ती शब्दकोश निवडणाऱ्याकडे आहे, चिठ्ठी लावणाऱ्याकडे आहे, बछडे वगळणाऱ्याकडे आहे, ८०चा उंबरठा घालणाऱ्याकडे आहे. या सगळ्यांना नावं आहेत, पदं आहेत, त्यांना प्रश्न विचारता येतात. ‘संगणकानं सांगितलं’ या वाक्याआड त्यांना लपू देऊ नका.

उद्या पेपरात आकडा येईल. अमुक झाडं, तमुक खड्डे, एवढे लोक, इतके संशयित. तेव्हा आकड्याच्या आधी विचारा, की यात ‘एक’ कशाला म्हटलंय, ते कोणी ठरवलं, आणि ते चुकलं तर भोगणार कोण. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘ठरवणारा’ असं नसेल, तर त्या मोजणीची समीक्षा करणं हे आपलं काम आहे. त्यासाठी संगणकशास्त्र शिकावं लागत नाही.

आता प्रश्न घेऊ.